ऋतुनिवृत्ती, हॉर्मोनची गोळी आणि स्तनाचा कर्करोग

ज्या गोष्टींविषयी घरातल्या बायका आपापसांत दबक्या आवाजात बोलतात आणि ज्यांविषयी पुरुषांनी काही विचारायचे नाही असा आपल्याकडे शिरस्ता पडून गेला आहे, त्यांपैकी एक गोष्ट आज आम्ही ह्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. स्त्रीची पाळी कायमची थांबते त्या वेळी तिच्या शरीरात काय घडते, त्यावर उपाय म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्याने तिला स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो काय, आणि वाढत असल्यास किती, हा तो प्रश्न होय. प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. ह्या एका गोळीने गेल्या ऐंशी वर्षांत आधी अवास्तव आशा उत्पन्न केली आणि मागाहून तितकीच अवास्तव भीती. आशेच्या काळात गरज नसलेल्या लाखो स्त्रियांनी ती घेतली. भीतीच्या काळात खरी गरज असलेल्यांनीही ती टाकून दिली. दोन्ही वेळा नुकसान स्त्रियांचेच झाले. म्हणून ह्या विषयातील खरे काय आणि किती, हे आकड्यांनिशी समजून घेणे अगत्याचे आहे.

हॉर्मोन म्हणजे काय?

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्या आपला रस नळीवाटे बाहेर न टाकता सरळ रक्तात सोडतात. रक्ताबरोबर तो सर्व शरीरभर फिरतो आणि दूरच्या एखाद्या अवयवाला कामाला लावतो. ह्या रसाला हॉर्मोन म्हणतात. मराठीत त्याला संप्रेरक असा चांगला शब्द रूढ झाला आहे. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंस दोन बीजकोश असतात. त्यांतून मुख्यतः दोन संप्रेरके निघतात. एक इस्ट्रोजेन, दुसरे प्रोजेस्टेरॉन. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते. दुसऱ्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आळा घालून अस्तर गर्भ रुजण्याजोगे करते. गर्भ राहिला नाही तर दोहोंचे प्रमाण उतरते, अस्तर गळून पडते आणि पाळी येते.

वय चाळिशीच्या पुढे सरकले की बीजकोशांतील बीजांचा साठा संपत येतो आणि हे चक्र अडखळू लागते. एक संपूर्ण वर्ष पाळी आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली असे समजतात. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरीने एक्कावन्नच्या आसपास असते. आपल्या देशात ते शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास, म्हणजे काहीसे लवकर येते.

ह्या वेळी काही स्त्रियांना विशेष त्रास होत नाही. पण बऱ्याच जणींच्या अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप मोडते, चिडचिड होते, योनिमार्ग कोरडा पडून शरीरसंबंध दुःखद होतात. शिवाय इस्ट्रोजेन हाडांचे रक्षण करीत असते. ते उतरल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि म्हातारपणी साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. "वयाचे दुखणे आहे, सोसायचे" असे सांगून आपण ह्या स्त्रियांची बोळवण करीत आलो आहोत. परंतु जे संप्रेरक कमी पडले ते बाहेरून दिले तर त्रास थांबतो, हेही तितकेच खरे आहे. अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम ह्यांवर इस्ट्रोजेनइतके गुणकारी दुसरे औषध आजही नाही.

बीजकोश आणि स्तन ह्यांचा संबंध

आता स्तनाकडे वळू. स्तनाचा कर्करोग आणि स्त्रीचे प्रजननजीवन ह्यांचा काही संबंध असावा ही शंका फार जुनी आहे. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी ह्याने निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या आवृत्तीत, मठात राहणाऱ्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक होतो, असे निरीक्षण त्याने नोंदविले. त्याचे कारण त्याला सांगता येणे शक्य नव्हते. आज आपल्याला ते ठाऊक आहे. लहान वयात बाळंतपण होणे आणि मुलांना अंगावर पाजणे ह्यांमुळे पुढील आयुष्यातील हा धोका कमी होतो, आणि मठातल्या स्त्रियांच्या वाट्याला ह्यांपैकी काहीच येत नव्हते.

संबंधाचा पहिला सज्जड पुरावा मात्र मिळाला तो ग्लासगोच्या शस्त्रवैद्याकडून. गाईचे दूध आटू नये म्हणून काही ठिकाणी शेतकरी तिचे बीजकोश काढून टाकतात, हे जॉर्ज बीटसन ह्यास ठाऊक होते. बीजकोश कुठे आणि स्तन कुठे. तरी एकाची सत्ता दुसऱ्यावर चालते हे ह्यावरून उघड होते. १८९५ साली तेहतीस वर्षांची एक स्त्री त्याच्याकडे आली. तिचा स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर उलटला होता आणि दुसरा उपाय उरला नव्हता. बीटसनने तिचे बीजकोश काढले. काही महिन्यांत गाठी विरघळून गेल्या. हा वृत्तांत त्याने १८९६ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या स्त्रीचा रोग पुढे काही वर्षांनी पुन्हा उद्भवला, पण वैद्यकाला एक नवी दिशा मिळाली. हॉर्मोन हा शब्द त्या वेळी अद्याप निघालाही नव्हता!

पुढे १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनांट ह्यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोजेन वर्गातील एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तीनच वर्षांनी, १९३२ मध्ये, पॅरिसच्या आन्त्वान लाकासान्य ह्याने नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांच्या ठिकाणी स्तनाचा कर्करोग उत्पन्न करून दाखविला. म्हणजे ज्या द्रव्यापासून औषध व्हायचे होते, त्याविषयीची धोक्याची सूचना औषध दुकानात येण्यापूर्वीच मिळालेली होती.

इस्ट्रोजेन स्तनात करते तरी काय? स्तनातील दुग्धनलिकांच्या पुष्कळ पेशींत ह्या संप्रेरकाला धरून घेणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राहक म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे इस्ट्रोजेन त्यात बसते आणि विभाजनाचा हुकूम सुटतो. पेशी जितक्या वेळा दुभंगतील तितक्या वेळा तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते, आणि नकलेत चूक होण्याचा संभव तितका वाढतो. शिवाय ज्या पेशी आधीच बिघडलेल्या आहेत पण संख्येने थोड्या आहेत, त्यांनाही ह्या हुकुमाने जोर चढतो. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. संप्रेरक बहुधा कर्करोगाचे बी पेरीत नाही. पडलेले बी वाढीस लावते. म्हणूनच औषध जितकी अधिक वर्षे घ्यावे तितका धोका वाढतो, आणि बंद केल्यावर तो हळूहळू उतरतो.

येथेच एका घोटाळ्याचा उलगडा करून ठेवू. कर्करोगाच्या रुग्णालयातही "हॉर्मोनचे उपचार" असा शब्दप्रयोग ऐकू येतो. तो उपचार अगदी उलट असतो. टॅमॉक्सिफेनसारखी औषधे त्या ग्राहकाच्या कुलपात बसून इस्ट्रोजेनला स्तनात वाव मिळू देत नाहीत. दुसरी काही औषधे शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत. तेव्हा कर्करोगावरचा हॉर्मोन-उपचार म्हणजे संप्रेरक तोडणे, आणि ऋतुनिवृत्तीवरचा हॉर्मोन-उपचार म्हणजे संप्रेरक पुरविणे. दोन्ही एकच समजून एखाद्या बाईने कर्करोगाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी भीतीने बंद केली, तर तिच्या जिवावर बेतेल.

आशेचा काळ

१९४२ साली अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी विक्रीस आली. प्रारंभी ती त्रास होणाऱ्या स्त्रियांनाच देत असत. १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन ह्यांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक निघाले आणि हवा पालटली. ऋतुनिवृत्ती हा निसर्गक्रम नसून एक उणिवेचा रोग आहे, गोळी घेत राहिल्यास स्त्री आयुष्यभर तरुण राहील, असा त्याचा सूर होता. पुस्तक हातोहात खपले. लेखकास औषध करणाऱ्यांचे आर्थिक साहाय्य होते ही गोष्ट पुढे उजेडात आली.

पहिला धक्का १९७५ मध्ये बसला. एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक होतो असे दिसून आले. कारण वर आलेच आहे: अस्तर वाढविणारे द्रव्य दिले, पण त्या वाढीला आळा घालणारे दिले नाही. मग इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम द्रव्य देण्याची पद्धत पडली आणि गर्भाशयाचा धोका टळला. तेव्हापासून नियम असा झाला की जिचे गर्भाशय जाग्यावर आहे तिला दोन औषधांची जोडी द्यायची, आणि जिची पिशवी शस्त्रक्रियेने काढलेली आहे तिला एकटे इस्ट्रोजेन पुरे. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी गोष्ट त्याच्यावर अवलंबून आहे.

गर्भाशय वाचले, पण स्तनाचे काय? ह्या प्रश्नाकडे लक्ष जाण्याआधी आणखी एक आशा मूळ धरून बसली. अमेरिकेत १९७६ पासून एक लाखाहून अधिक परिचारिकांच्या आरोग्याची नोंद ठेवण्यात येत होती. त्यांत हॉर्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार न घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्माच होतो असे आढळले. झाले! ज्यांना काही त्रास नाही अशा स्त्रियांनीही हृदयाच्या रक्षणासाठी गोळी घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला.

ह्या निष्कर्षात एक उणीव होती. गोळी कोण घेत होते? जी डॉक्टरकडे नियमाने जाते, जिची सांपत्तिक स्थिती बरी आहे, जी वजनाला जपते, ती. अशा स्त्रीला हृदयविकार कमी होतो तो गोळीमुळे की तिच्या एकंदर राहणीमुळे? गंगास्नान करणारे लोक दीर्घायुषी आढळले, तर ते श्रेय पाण्याचे की घाटापर्यंत पायी चालत जाऊ शकणाऱ्या धडधाकट देहाचे, असाच हा प्रश्न आहे. नुसत्या निरीक्षणाने त्याचा निवाडा होत नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेली परीक्षा

निवाडा करण्याचा मार्ग एकच. पुष्कळ स्त्रिया घ्याव्यात, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडावेत, एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी द्यावी, कोणाला काय मिळाले हे स्त्रीलाही कळू नये आणि तिला तपासणाऱ्यालाही कळू नये. चिठ्ठीने गट पाडल्यामुळे श्रीमंत-गरीब, सशक्त-अशक्त दोन्हीकडे सारखेच वाटले जातात. मग अखेरीस फरक दिसला तर तो औषधाचा, असे म्हणता येते.

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक डॉ. बर्नाडीन हीली ह्यांच्या पुढाकाराने 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही योजना सुरू झाली. गर्भाशय असलेल्या ५० ते ७९ वर्षांच्या १६,६०८ स्त्रिया तिच्या एका भागात होत्या; त्यांना दोन औषधांची जोडी किंवा पोकळ गोळी देण्यात आली. पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रिया दुसऱ्या भागात होत्या; त्यांना एकटे इस्ट्रोजेन किंवा पोकळ गोळी.

पहिला भाग साडेआठ वर्षे चालावयाचा होता. सरासरी सव्वापाच वर्षांतच, म्हणजे जुलै २००२ मध्ये, तो थांबविल्याचे जाहीर झाले. स्तनाचा कर्करोग औषध घेणाऱ्यांत २६ टक्क्यांनी अधिक निघाला होता. ज्या हृदयासाठी गोळी द्यावयाची, त्याचे रक्षण तर राहोच, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकारही वाढलेले होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि खुब्याचे हाड मोडणे मात्र कमी झाले होते.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून २६ टक्के हा आकडा जगभर गेला. लाखो स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधून डॉ. व्हॅलरी बेरल ह्यांनी दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडऔषध घेत असलेल्या स्त्रियांत धोका दुप्पट असल्याचे त्यांत निघाले आणि भीतीत भर पडली.

२६ टक्के म्हणजे किती?

आता आम्ही वाचकांना विनंती करतो की, त्यांनी क्षणभर थांबून ह्या आकड्याचा हिशेब आमच्याबरोबर करावा. व्यापाऱ्याने "नफा २६ टक्क्यांनी वाढला" असे सांगितले तर आपण लगेच विचारतो, मुळात नफा होता किती? तसेच येथेही विचारले पाहिजे.

त्या अमेरिकन परीक्षेत पोकळ गोळी घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे एका वर्षात ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. औषध घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे ३८ जणींना झाला. म्हणजे दहा हजारांत वर्षाला ८ जणी अधिक. ३० वर ८ ही वाढ २६ टक्क्यांच्या आसपास येते, हे खरे. पण उरलेल्या ९,९६२ जणींना त्या वर्षी हा रोग झाला नाही, हेही खरे. दोन्ही वाक्ये एकाच वस्तुस्थितीची आहेत. पहिले ऐकून छातीत धस्स होते. दुसरे ऐकून विचार करता येतो.

पण एका वर्षाच्या हिशेबाने निर्धास्त होणेही बरोबर नाही, कारण वर्षे साठत जातात. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगातील ५८ पाहण्या एकत्र करून काढलेला हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात कर्करोग झालेल्या एक लाख आठ हजारांवर स्त्रियांची माहिती होती. पाश्चात्त्य देशांतील सर्वसाधारण वजनाच्या स्त्रीने वयाच्या पन्नाशीला उपचार सुरू करून पाच वर्षे घेतला, तर पन्नास ते एकोणसत्तर ह्या वीस वर्षांत काय होईल, ते त्यात दिले आहे. कधीच गोळी न घेतलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ६.३ जणींना ह्या काळात स्तनाचा कर्करोग होतो. रोज इस्ट्रोजेन आणि रोज त्याच्या जोडीचे द्रव्य घेणाऱ्यांत हा आकडा ८.३ होतो. जोडीचे द्रव्य महिन्यातील काही दिवसच घेणाऱ्यांत ७.७, आणि एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ६.८. सोप्या भाषेत सांगायचे तर रोजची जोडी पाच वर्षे घेणाऱ्या दर ५० स्त्रियांमागे एकीला असा कर्करोग होतो की जो एरवी झाला नसता. एकट्या इस्ट्रोजेनच्या बाबतीत दर २०० मागे एकीला. दहा वर्षे घेतल्यास ही वाढ साधारण दुप्पट होते. औषध बंद केल्यावर धोका उतरतो, परंतु दीर्घकाळ घेतलेल्यांत त्याचा काही अंश दहा वर्षांहून अधिक काळ मागे रेंगाळतो. योनिमार्गात लावण्याच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने मात्र स्तनाचा धोका वाढल्याचे आढळले नाही.

पन्नासांत एक हे प्रमाण क्षुल्लक म्हणता येणार नाही. पण ते मृत्यूचे फर्मानही नव्हे. त्याची तुलना हवी असल्यास लठ्ठपणाशी करावी. पाळी गेल्यावर बीजकोश थकतात, तरी शरीरातील चरबी दुसऱ्या द्रव्यांपासून इस्ट्रोजेन तयार करीतच असते. म्हणून ऋतुनिवृत्तीनंतर अंगावर चढलेली चरबी ही एक प्रकारे स्वतःच चालविलेली हॉर्मोनची पुरवणी असते. तिच्यामुळेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तिच्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही!

एकट्या इस्ट्रोजेनचे कोडे

अमेरिकन परीक्षेच्या दुसऱ्या भागाने सर्वांना चकित केले. हा भाग २००४ साली पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे थांबविण्यात आला. परंतु एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता, उलट काहीसा कमी होता. २०२० साली, सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, हाच निष्कर्ष पक्का झाला. एकटे इस्ट्रोजेन घेतलेल्यांत हा रोग आणि त्यामुळे येणारा मृत्यू दोन्ही कमी. जोडऔषध घेतलेल्यांत रोग अधिक, पण त्याने आलेल्या मृत्यूंत निश्चित म्हणता येईल असा फरक नाही.

मग २०१९ च्या एकत्रित हिशेबात एकट्या इस्ट्रोजेननेही थोडी वाढ दिसते, ती कशी? ह्याविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहे. परीक्षेतल्या पुष्कळ स्त्रियांची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती. दीर्घकाळ इस्ट्रोजेनविना राहिलेल्या पेशींवर त्याचा परिणाम उलटा होत असावा, असे एक स्पष्टीकरण देतात. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट अशी की, अधिक धोका जोडीतल्या दुसऱ्या द्रव्यामुळे येतो. आणि ते दुसरे द्रव्यही सर्वत्र एकच नसते. परीक्षेत वापरलेले द्रव्य कृत्रिम होते. शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनशी तंतोतंत सारखे असलेले द्रव्य घेणाऱ्यांत धोका कमी वाढतो, असे फ्रान्समधील एका मोठ्या पाहणीत आढळले आहे.

जोडऔषधाविरुद्धचा आणखी एक पुरावा अनायासे हाती आला. २००२ नंतर अमेरिकेत गोळ्यांचा खप एकदम घसरला. २००३ साली तेथे स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे सात टक्क्यांनी उतरले, आणि ही घट मुख्यतः पन्नाशीपुढील स्त्रियांत होती. पाणी तोडल्याबरोबर तण सुकावे तसे हे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनेही २००५ साली ह्या जोडउपचाराची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली.

भीतीचा काळ आणि त्याची किंमत

परंतु भीतीनेही आपली किंमत वसूल केली. परीक्षेतल्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. पन्नाशीच्या आत-बाहेर असलेल्या, अंगातून वाफा निघून झोप उडालेल्या स्त्रीला त्रेसष्ट वर्षांच्या स्त्रीचे हृदयविकाराचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि साठीच्या आत उपचार सुरू केल्यास हृदयाच्या दृष्टीने तो बराच निर्धोक असतो, असे त्याच परीक्षेच्या पुढील छाननीतून निघाले. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २००३ साली ह्या औषधांच्या वेष्टनांवर ठळक चौकटीत धोक्याची सूचना छापावयास लावली होती. स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार ह्यांविषयीचा तिच्यातील मजकूर चौकटीतून काढण्याचा निर्णय त्याच खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ह्याचा अर्थ जोडऔषधाचा धोका नाहीसा झाला असा कोणी करू नये. आकडे तेच आहेत. ते कोणाला, केव्हा आणि किती लागू पडतात ह्याची समज वाढली आहे.

भीतीची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती ज्यांचे बीजकोश अकाली थांबले किंवा काढले गेले त्यांना. हा विषय आपल्या महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढून टाकल्या जात असल्याचा प्रश्न गाजला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्या स्त्रीची ऋतुनिवृत्ती त्याच दिवशी होते, मग तिचे वय तिशीचे का असेना. वीस वर्षे आधी तिची हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयाला धोका पोहोचतो. अशा स्त्रीने नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक घ्यावे असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण येथे जादा काही दिले जात नसून जे असायला हवे होते तेवढेच परत केले जाते. पन्नाशीनंतरच्या धोक्याचे आकडे तिला लागू नाहीत. पण कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? शस्त्रक्रिया करून मोकळा होणारा तर बहुधा सांगत नाही.

मग करावे काय?

औषधाचा निर्णय ज्या त्या स्त्रीने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावयाचा आहे; व्याख्यानातून चिठ्ठी देता येत नाही. परंतु विचाराचे टप्पे सांगता येतील.

त्रास नसेल तर केवळ तारुण्य टिकावे किंवा हृदय सुरक्षित राहावे म्हणून ही गोळी घेऊ नये. त्रास जगणे कठीण करीत असेल तर केवळ कर्करोगाच्या नावाने घाबरून ती नाकारू नये. पिशवी आहे की काढली आहे, हे डॉक्टरांना न चुकता सांगावे, कारण औषध एकटे की जोडीने हे त्यावर ठरते. त्रास फक्त योनिमार्गाच्या कोरडेपणाचा असेल तर मलमाने भागते. पोटातून गोळी घेण्याचे कारण नाही. उपचार सुरू केल्यास दर वर्षी पुन्हा विचार करावा की, ह्याची गरज अजून आहे काय.

जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे तिने हा उपचार साधारणपणे घेऊ नये. अशा स्त्रियांवर स्वीडनमध्ये केलेली परीक्षा, औषध घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण वाढल्यामुळे, २००३ साली मध्येच थांबवावी लागली. पायात किंवा फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, पक्षाघात झाला असेल, यकृताचा विकार असेल किंवा अंगावरून जाण्याचे कारण समजलेले नसेल, तरीही आधी डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे. आई-बहिणींना हा रोग झाला असल्यास तेही लपवू नये. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. आपल्या देशात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांइतका होत नाही. तरी स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत तो आज पहिल्या क्रमांकावर आहे. आणि आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्ण स्त्रियांनी हॉर्मोनची गोळी कधी पाहिलेलीही नसते. त्यांचा घात गोळीने होत नाही, उशिराने होतो. गाठ हाताला लागते, पण दुखत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, पेरणी, सारे आटोपल्यावर बाई दवाखान्यात येते. न दुखणारी गाठ हीच अधिक संशयास्पद, हे घराघरांत कळले पाहिजे.

उशीर टाळणे आपल्या आवाक्यातले आहे, ह्याचा पुरावा मुंबईतच मिळाला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील झोपडवस्त्यांमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक दीर्घ परीक्षा केली. निम्म्या वस्त्यांत साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. यंत्र नाही, क्षकिरण नाही, केवळ शिकविलेला हात. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने येणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत असा निश्चित लाभ दिसला नाही. पण पाळी जाण्याच्या वयानंतर, म्हणजे ज्या वयाचा आज आपण विचार करीत आहोत नेमक्या त्याच वयात, शिकविलेल्या हाताने केलेली तपासणी जीव वाचविते, हे सिद्ध झाले आहे.

गोळी घ्यावी की न घ्यावी ह्याचा खल करणाऱ्या शहरी स्त्रीलाही हीच तपासणी हवी आहे, आणि ती गोळी कधीच न मिळणाऱ्या खेड्यातल्या स्त्रीलाही. ह्या सभागृहात बसलेल्या पुरुषांना आमचे इतकेच सांगणे आहे की, घरातील स्त्री पन्नाशीच्या आसपास आली, तिची झोप मोडू लागली, ती उगीच चिडते असे वाटू लागले, तर "वयाचे आहे" म्हणून तो विषय मिटवू नये. तिला विचारावे, आणि ती सांगेल ते ऐकून तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.